पितळी वाद्यांवर पाय का थिरकतात?

महोदय,

नाचण्यासाठी गाण्याला शब्द हवेतच, असा समज सर्वत्र दिसतो. पितळी वाद्यांचे संगीत तो सहज खोटा ठरवते. या वाद्यांत नाद उमटतो तो वादकाच्या थरथरणाऱ्या ओठांमुळे, आणि जिभेच्या आघाताने प्रत्येक स्वराची सुरुवात इतकी ठसठशीत होते की ट्रम्पेटची धून स्वरांबरोबरच तालही सांगू लागते. खालच्या स्वरांत ट्युबा हे मोठे पितळी वाद्य ठोक्यावर पाऊल टाकते, मधल्या स्वरांची वाद्ये दोन ठोक्यांमधली जागा भरतात, आणि ऐकणाऱ्याचे शरीर त्या झोक्यात आपोआप सामील होते. माझ्या मते खरी जादू या मधल्या वाद्यांचीच आहे, पण त्यांचे कौतुक क्वचितच होते.

1818 मध्ये बर्लिनमध्ये स्टोल्झेल आणि ब्ल्युमेल या दोन वादकांना व्हॉल्व्हचे, म्हणजे वाद्यातील हवेचा मार्ग बदलून स्वर बदलणाऱ्या झडपेचे, पेटंट मिळाले. त्याआधी साध्या ट्रम्पेटवर मोजकेच नैसर्गिक स्वर निघत. व्हॉल्व्हमुळे पूर्ण स्वरसप्तक हाती आले आणि नृत्याच्या धुना वाजवणे खूप सोपे झाले. पुढे अमेरिकेतील न्यू ऑर्लीन्सच्या मिरवणुकांत, सर्बियातील गुचाच्या ट्रम्पेट महोत्सवात आणि मेक्सिकोतील सिनालोआ राज्याच्या बांदा या वाद्यवृंदी संगीतात या वाद्यांनी वेगवेगळी रूपे घेतली. 1960च्या दशकात अमेरिकी ट्रम्पेटवादक हर्ब अल्पर्ट यांच्या टिहुआना ब्रास या वाद्यवृंदाने तर प्रामुख्याने वाद्यसंगीताच्याच बळावर अमाप लोकप्रियता मिळवली.

आपल्या संगीतविषयक पुरवणीत गायकांबरोबरच अशा वाद्यवृंदांनाही नियमित जागा मिळावी, ही मनापासून विनंती.

– एक संगीतप्रेमी वाचक