अडगळ म्हणण्यापूर्वी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

कालच्या पुरवणीतील, १९३० च्या दशकातील अमेरिकेच्या महामंदीवरचा लेख मी दोनदा वाचला. पहिल्यांदा आवडीने, आणि दुसऱ्यांदा, पहिल्यांदा वाचले ते खरोखरच छापले आहे ना, याची खात्री करून घेण्यासाठी. अमेरिकन माहितीपटकार हेन्री हॅम्प्टन यांच्या ब्लॅकसाइड या निर्मितीसंस्थेच्या, याच विषयावरील १९९३ मधील सात भागांच्या दूरचित्रवाणी मालिकेची लेखकाने तोंड भरून स्तुती केली आहे, आणि ती रास्तच आहे. मात्र मालिका पूर्ण झाल्यावर उरलेल्या मुलाखती, टिपणे आणि करारपत्रे यांना ते 'निर्मितीची अडगळ' म्हणतात आणि सेंट लुइसच्या वॉशिंग्टन विद्यापीठाने ती जपून ठेवावी याचे त्यांना नवल वाटते. मला नवल वाटले ते लेखकाचे.

त्या मुलाखतींची लिखिते त्यांनी उघडून पाहिली असती, तर प्रत्येकीच्या माथ्यावर कॅमेऱ्याच्या आणि आवाजाच्या रोलचे क्रमांक त्यांना दिसले असते. १६ मिलिमीटर फिल्मचा चारशे फुटांचा रोल अकरा मिनिटांत संपतो, मग बोलणारा ऐन भरात असला तरी त्याला थांबवावे लागते, आणि नवा रोल चढल्यावर तोच माणूस तीच हकीकत जरा सावरून, जरा शहाणपणाने सांगतो. पडद्यावर बहुधा ती सावरलेली हकीकत येते. आधीचे अडखळणे जपायचे असेल, तर ते या 'अडगळी'तच जपले जाते.

हे मी ऐकीव सांगत नाही. उमेदीच्या काळात मी एका निर्मितीसंस्थेत संकलन साहाय्यक होतो. बंद पडलेल्या एका कारखान्यावरील माहितीपटासाठी तेथील पगारवाटप करणाऱ्या वृद्ध कारकुनाची मुलाखत झाली. तो तासाभराहून अधिक बोलला आणि चित्रपटात चौदा सेकंद आला. त्या चौदा सेकंदांत तो एवढेच म्हणतो, की शेवटच्या दिवशी पगाराची पाकिटे कमी पडली. परंतु तो रोल संपून कॅमेरा थांबला, तेव्हा ध्वनिमुद्रकाने आपले यंत्र बंद केले नव्हते. कारकून बराच वेळ चष्मा पुसत राहिला आणि मग हलक्या आवाजात म्हणाला, "माझं पाकीट मी सकाळीच काढून ठेवलं होतं." चित्र नसल्यामुळे ते वाक्य वापरता आले नाही, हे मी समजू शकतो. पण काम संपताच, जागा होत नाही आणि फिती महाग आहेत या कारणास्तव, त्याच फितींवर कुठल्याशा समारंभाची भाषणे मुद्रित करण्यात आली, हे मला आजही समजलेले नाही. पुढे त्या कारकुनाची नात आजोबांचा आवाज मागायला आली, तेव्हा माझ्या नोंदवहीतील "रोल ७, चित्र संपले, आवाज चालू" या एका ओळीपलीकडे तिला देण्यासारखे माझ्यापाशी काहीही नव्हते.

'करारपत्रांच्या बाडां'ची लेखकाने केलेली थट्टाही अस्थानी आहे. हॅम्प्टन यांचीच नागरी हक्क चळवळीवरील गाजलेली मालिका, तीत वापरलेल्या जुन्या चित्रफितींच्या परवान्यांची मुदत संपल्यामुळे, २००६ पर्यंत कित्येक वर्षे पुन्हा दाखवता आली नव्हती. कोणत्या तुकड्याचा हक्क कोणाकडे आणि किती काळासाठी, हे त्या बाडांतच शोधावे लागते.

डेट्रॉइटजवळच्या डिअरबॉर्न येथे फोर्डच्या कारखान्यावर निघालेल्या बेकारांच्या ७ मार्च १९३२ च्या मोर्चात चार बळी गेले, असे लेखात आहे. चौघे गोळीबारात गेले. पाचवा जखमी काही महिन्यांनी गेला. त्याच दिवशीच्या बातमीवर विसंबले, की हा पाचवा माणूस निसटतो.

याच मंदीच्या काळात अमेरिकन सरकारच्या छायाचित्र विभागाचे प्रमुख रॉय स्ट्रायकर नापसंत निगेटिव्हना सरळ भोक पाडीत असत. छायाचित्रकारांनी पुष्कळ आदळआपट केली. ती भोके पडलेली चित्रे आज लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये आहेत आणि अभ्यासक ती भोकासकट पाहतात. लेखकमहाशय त्या विभागात असते तर भोक पाडण्याचेही कष्ट त्यांनी घेतले नसते.

जाता जाता छायाचित्राविषयी. लेखासोबत छापलेले, मुलांना कवेत घेऊन बसलेल्या आईचे चित्र डेट्रॉइटमधील संपाचे नाही. डोरोथिया लँग यांनी ते १९३६ मध्ये कॅलिफोर्नियातील निपोमो येथे, वाटाणा तोडणाऱ्या मजुरांच्या तळावर काढले. त्याची मूळ नोंद कोणी तरी सांभाळली, म्हणूनच आपली चूक मला दाखवता येते आहे.

आपण माझे मागील पत्र जागेअभावी निम्मे कापून छापले होते आणि त्यात नेमका मुद्दा गळला होता. त्याची पूर्ण प्रत माझ्याकडे आहे. हवी असल्यास पाठवीन.

आपला,
एक निवृत्त संकलन साहाय्यक