क्रीडामंत्री साहेब, आमच्या बारक्याच्या खुराकाचं काय?

मा. क्रीडामंत्री साहेब, महाराष्ट्र राज्य,

नमस्कार. कोल्हापुरातनं लिहितोय, उद्यमनगरात माझं छोटं लेथचं वर्कशॉप आहे. धाकटा भाऊ, म्हणजे आमचा बारका, स्नूकर (मोठ्या टेबलावर क्यूनं, म्हणजे लांब काठीनं, बॉल पॉकेटात घालायचा खेळ) खेळतो, राज्य स्पर्धेत चांगला पुढं जातो आणि आता त्याला प्रोफेशनल व्हायचंय. इथपर्यंत वाचून तुमच्या डोळ्यासमोर सिगारेटचा धूर आणि कॉलेज बुडवलेली पोरं आली असतील तर तुमचा दोष नाही, आमच्या आईला अजून तेच दिसतं.

गेल्या वर्षी एका सरकारी ऑफिसात मदतीची चौकशी करायला गेलो. ऑलिम्पिकमध्ये आहे का? नाही. एशियन गेम्स? 2010 ला ग्वांगझूला होता, त्यानंतर नाही. बरं, प्रोफेशनल होणार म्हणजे कमावणारच की, मग सरकारनं का द्यायचं? तिथं मला उत्तरच सुचलं नाही.

साहेब, प्रोफेशनल झालं की पगार चालू, असं नसतंय. वर्ल्ड स्नूकर टूर म्हणजे प्रोफेशनल लोकांची स्पर्धांची साखळी, तिथं सगळ्या जगाला मिळून जागा 128 च्या आसपास. आत शिरायचा मेन रस्ता क्यू स्कूल ही पात्रता स्पर्धा, नाव स्कूल असलं तरी शाळा बिळा काय नाही, निव्वळ नॉकआउट, एंट्री फी आपली, तिकीट आपलं, राहणं खाणं आपलं, आणि ते इंग्लंडला नाहीतर आपल्या आशियावाल्यांसाठी बँकॉकला. जिंकला तर दोन वर्षांचं टूर कार्ड, म्हणजे टूरवर खेळायचा हक्क, आणि खरा खर्च तिथनं पुढं, कारण टूरचं बरंच काम इंग्लंडात चालतं, तिकडं खोली घेऊनच राहावं लागतं. हल्ली टूरनं सीझनला 20 हजार पाउंडांची हमी दिलीय म्हणा, पण ती बक्षिसातनंच वळती होते आणि कार्ड हातात आल्यावर. आपली पोरं तिथवर पोचत नाहीत असं नाही, मुंबईच्या आदित्य मेहतानं 2013 ला दिल्लीत इंडियन ओपनची फायनल गाठली. पण कितीदा तरी वर्ल्ड चॅम्पियन झालेल्या पंकज अडवाणीसारख्या माणसानं 2014 ला कार्ड सोडून दिलं, मग आमच्या बारक्याची काय कथा.

आणि टेबल! आमच्या क्लबातलं वाईट नाही, पण जून लागला की कापड ओल धरतं, बॉल जड पळतो. टूरच्या टेबलाला खालनं हीटर, कापड सुळसुळीत, पॉकेट आवळ. बारका एकदा मुंबईत तसल्या टेबलावर खेळला तर पहिल्या तीन फ्रेम (डाव) क्यू बॉल, म्हणजे मारायचा पांढरा बॉल, दर वेळी वीतभर पुढंच. एक बॉल पॉकेटात गेला तरी पुढचा लाल बॉल हाताला लागंना. रडकुंडीला आलेलं पोरगं.

त्या ऑफिसात द्यायचं उत्तर मला परवा खासबागेच्या कुस्ती मैदानावरनं येताना सुचलं. पैलवान कुस्ती मारून इनाम घेतोच की, म्हणून त्याचा खुराक कुणी बंद केला का? शाहू महाराजांनी 1912 ला ते मैदान बांधलं, पैलवान पोसले, आजही हिंदकेसरीला सरकार मानधन देतं. मग क्यू धरणाऱ्यालाच "तू कमावणार" का?

फुकट मागत नाही. क्यू स्कूलची एक वारी आणि कार्ड मिळालं तर पहिल्या वर्षाचं भाडं, एवढं उचल म्हणून द्या, बक्षीस आलं की कापून घ्या. फक्त ऑलिम्पिकचा रकाना तेवढा आडवा घालू नका.

कोल्हापूरला आलात तर अर्धा तास क्लबात या. धूर नसतो, खरंच. तुम्ही येणार म्हटल्यावर आई पण यायला तयार होईल.

आपला,
बारक्याचा थोरला भाऊ