फुफ्फुसाचा कर्करोग : पहिल्या केमोआधी नव्या औषधाच्या चाचणीची चौकशी करा

महोदय,

जळगाव, धुळे, नंदुरबारचे फुफ्फुसाच्या कर्करोगाचे रुग्ण मुंबई गाठतात, तेव्हा 'आमच्या माणसाला नव्या औषधाच्या चाचणीत घेतील का?' हा प्रश्न घरचे लोक सगळ्यात शेवटी विचारतात. तोवर दोन-तीन प्रकारची केमो होऊन गेलेली असते आणि माणूस अंथरुणाला खिळलेला असतो. हा प्रश्न खरे तर निदान झाल्याच्या पहिल्या आठवड्यातला आहे. पसरलेल्या आजारावर आधी कोणतेही औषध दिलेले नसावे, अशी अनेक चाचण्यांची अटच असते. 'मुंबईची तारीख मिळेपर्यंत एक केमो देऊन टाकू' म्हणून दिलेला एकच डोस अशा चाचणीचे दार बंद करतो. रुग्णाला धाप, रक्तस्राव असेल तर थांबू नये, हे उघडच आहे. पण आठ-दहा दिवस थांबणे शक्य आहे का, हे डॉक्टरांना स्पष्ट विचारावे.

चाचणी सरसकट 'फुफ्फुसाच्या कर्करोगाची' नसते. स्मॉल सेल की नॉन-स्मॉल सेल (या कर्करोगाचे दोन मुख्य प्रकार), स्टेज कोणती, गाठीत ईजीएफआर, एएलके, आरओएस-1 यांपैकी कोणता जनुकीय बदल आहे, पीडी-एल-1 हे प्रथिन किती टक्के पेशींवर आहे, यावर कोणत्या चाचणीत बसता येईल ते ठरते. 'बिडी ओढत नाही, मग कर्करोग कसा?' असे म्हणणाऱ्या कुटुंबांनी ही तपासणी तर मुळीच टाळू नये, कारण असे बदल धूम्रपान न करणाऱ्यांत जास्त सापडतात.

इथेच बायोप्सीचा ब्लॉक महत्त्वाचा ठरतो. काडेपेटीपेक्षा लहान प्लॅस्टिकच्या चौकटीवर मेणाचा ठोकळा असतो आणि त्यात शेवईच्या तुकड्यासारखे दोन-चार धागे दिसतात. जनुकांची सगळी तपासणी त्यांवरच होते. नुसत्या बारीक सुईने पेशी काढल्या तर कर्करोग आहे एवढे कळते, पण पुढच्या तपासण्यांना माल अनेकदा पुरत नाही. म्हणून जाड सुईची बायोप्सी शक्य आहे का ते विचारावे. तुकडा लगेच फॉर्मेलिनमध्ये (तुकडा टिकवणाऱ्या द्रावणात) जायला हवा, सलाईनच्या पाण्यात नव्हे, आणि फॉर्मेलिनमध्येही आठवडाभर पडून राहू नये. रिपोर्टचा कागद घेऊन मुंबईला गेलेल्या माणसाला ब्लॉकसाठी परत भुसावळला यावे लागते, त्यात हातचे दिवस जातात. ब्लॉक आणि स्लाइड लॅबमधून मागून घ्याव्यात. एप्रिल-मेच्या उन्हात ब्लॉक गाडीच्या डॅशबोर्डवर किंवा डिकीत ठेवू नये. हे मेण साठ अंशांच्या आतबाहेर वितळते.

आपल्याकडची दुसरी अडचण टीबीची. खोकला, वजनात घट, एक्स-रेवर डाग दिसला की थुंकीत जंतू सापडलेले नसतानाही कधी कधी टीबीच्या गोळ्या सुरू होतात आणि महिने निघून जातात. त्यातल्या रिफॅम्पिसिनमुळे कर्करोगाच्या अनेक गोळ्यांचे रक्तातील प्रमाण घटते, म्हणून ते चालू असलेल्यांना बऱ्याच चाचण्यांत घेत नाहीत. टीबीची औषधे मनाने बंद मात्र करू नयेत. निदान पक्के करून घ्यावे.

प्रकृतीची अटही मोजून असते. बहुतेक चाचण्यांना ईकॉग (रुग्णाची हिंडण्या-फिरण्याची ताकद मोजणारा आकडा; जितका जास्त तितकी प्रकृती खालावलेली) 0 किंवा 1 हवा असतो, म्हणजे रुग्ण हिंडता-फिरता आणि निदान हलके काम करू शकणारा. ज्याचा जागेपणीचा निम्म्याहून अधिक वेळ खाटेवर जातो त्याचा ईकॉग 3, आणि तिथे बहुधा नकारच मिळतो. मधल्या 2 वाल्यांनी मात्र आशा सोडू नये. टाटा स्मारक रुग्णालयात ईजीएफआर बदल असलेल्या 350 रुग्णांवर झालेल्या चाचणीत त्यांनाही घेतले होते. त्या चाचणीत नुसत्या जेफिटिनिबवर (ईजीएफआर बदलावरची गोळी) आजार सरासरी 8 महिने आवरला, केमोची जोड दिल्यावर 16 महिने.

रक्ताच्या अटी चाचणीगणिक बदलतात, पण साधारणपणे हिमोग्लोबिन 9, प्लेटलेट 1 लाख, न्यूट्रोफिल (जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) 1500 यांच्या वर लागतात; शिवाय मूत्रपिंड आणि यकृत ठीक हवे. मेंदूत गाठ असली की कायमचा नकार, असे नाही. तिच्यावर उपचार होऊन ती स्थिर असेल तर अनेक ठिकाणी घेतात. इम्युनोथेरपीच्या (शरीराची प्रतिकारशक्ती कर्करोगाविरुद्ध जागवणाऱ्या औषधांच्या) चाचणीत रोज 10 मिलिग्रॅम प्रेडनिसोलोनहून जास्त स्टेरॉइड सहसा चालत नाही. त्यामुळे गावात धापेसाठी दिलेल्या 'ताकदीच्या' इंजेक्शनचे नाव लिहून घ्यावे, ते स्टेरॉइड असू शकते. झाडपाला, भस्मे घेतली असतील तर तेही लपवू नये.

सुरू असलेल्या चाचण्या सीटीआरआय या सरकारी नोंदणी संकेतस्थळावर विनाशुल्क शोधता येतात. 'ओपन टू रिक्रूटमेंट' (रुग्ण घेणे सुरू आहे) असे लिहिले आहे का आणि महाराष्ट्रातले केंद्र कोणते, एवढे आधी पाहावे. दर 21 दिवसांनी ठरल्या तारखेला जावे लागू शकते, कापूस वेचणी असो की लग्नसराई. रेल्वेत कर्करोग रुग्णाला उपचाराच्या प्रवासासाठी स्लीपर व थर्ड एसीत तिकीट माफ आहे, सोबतच्या एकाला 75 टक्के सवलत. रुग्णालयाचा दाखला लागतो.

संमतीपत्र रुग्णाला समजणाऱ्या भाषेतच असले पाहिजे, वाचता येत नसेल तर त्रयस्थ साक्षीदार हवा, आणि कधीही बाहेर पडता येते. चाचणीमुळे इजा झाल्यास मोफत उपचार व भरपाईची तरतूद 2019 च्या नियमांत आहे. पण नंदुरबारमधल्या धडगाव-अक्कलकुव्याच्या आदिवासी रुग्णाला मराठी संमतीपत्रही परकेच असते. आपल्या तिन्ही जिल्ह्यांत आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालये आहेत. त्यांनी कर्करोगाच्या रिपोर्टसोबत ब्लॉक मागण्याचा अर्ज रुग्णाच्या हाती द्यावा आणि पावरी, भिली, अहिराणी बोलणारा एक समुपदेशक नेमावा, ही आमची मागणी आहे.

– कर्करोग रुग्णांना मार्गदर्शन करणारे कार्यकर्ते, धुळे