पाण्यात बुडालेल्या गाडीला सेल्फ मारण्यापूर्वी

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र मिळाले. घरातली सगळी माणसे सुखरूप आहेत हे वाचून जीव भांड्यात पडला. गाडी अंगणात उभी असतानाच पाणी सीटच्या बैठकीपर्यंत चढले, ओसरल्यावर तू एकदा किल्ली फिरवलीस, ‘टक्’ असा एकच आवाज झाला आणि इंजिन जागचे हलले नाही, असे तू लिहितोस. माझी सर्वांत कळकळीची विनंती अशी की आता पुन्हा सेल्फ मारू नकोस. कोणी धक्का मारून किंवा दुसऱ्या गाडीच्या बॅटरीला तारा जोडून ती चालू करून द्यायला आले, तर त्यांनाही थांबव.

त्या ‘टक्’ची कारणे मुख्यतः दोन असू शकतात. एक तर बॅटरी उतरली असेल, किंवा तिच्या टर्मिनलवर आणि अर्थिंगच्या जोडावर गंज धरल्यामुळे स्टार्टरला (सेल्फच्या मोटरला) पुरेसा प्रवाह मिळत नसेल. नाहीतर सिलिंडरमध्ये पाणी शिरून पिस्टन अडला असेल. बाहेरून आवाज सारखाच येतो, उपाय मात्र अगदी उलटे आहेत. पहिल्या बाबतीत जोमदार बॅटरी लावली की काम भागते आणि दुसऱ्या बाबतीत तीच जोमदार बॅटरी नुकसान करू शकते.

थोडे गणित मांडतो, म्हणजे मी एवढा आग्रह का धरतो ते तुला पटेल. तुझे इंजिन १२०० सीसीचे आणि चार सिलिंडरचे आहे, म्हणजे प्रत्येक पिस्टन ३०० घन सेंटिमीटर जागा व्यापत वर येतो. अशा पेट्रोल इंजिनात हवा साधारण दहास एक या प्रमाणात दाबली जाते, त्यामुळे पिस्टन अगदी वर पोहोचल्यावर त्याच्या डोक्यावर उरणारी पोकळी जेमतेम ३३ घन सेंटिमीटरची असते. हवा दाबली जाते, पाणी जवळजवळ दाबले जात नाही. म्हणजे दोन-अडीच मोठे चमचे पाणी एका सिलिंडरमध्ये साचले, तरी पिस्टन तिथेच अडतो आणि सारा जोर कनेक्टिंग रॉडवर, म्हणजे पिस्टनला खालून धरणाऱ्या दांड्यावर, येतो. डिझेल इंजिनात ही पोकळी आणखी लहान असते, म्हणून त्यांची गत याहून वाईट होते.

गाडी उभी होती ही तुझी मोठी जमेची बाजू आहे. रॉड वाकतात ते बहुतेक वेळा चालते इंजिन पाणी ओढून घेते तेव्हा, कारण त्या वेळी फिरत्या भागांचा सगळा वेग एका क्षणात अडतो. एकट्या स्टार्टरचा जोर त्या मानाने कमी असतो, त्यामुळे एका ‘टक्’ने तुझे इंजिन गेले असेल असे मला वाटत नाही. गिअरमध्ये टाकून धक्का मारल्यास मात्र अख्ख्या गाडीचे वजन त्या रॉडवर येते, म्हणून त्याची मला जास्त धास्ती वाटते.

आता कामाला लागताना आधी बॅटरीचे ऋण टर्मिनल सोडव. ओल्या कनेक्टरमधून वीज वाहत राहिली की तांबे झपाट्याने झिजत जाते, आणि आज बरी दिसणारी वायरिंग दोन महिन्यांनी दगा देते. त्यानंतर दारांवर आणि डॅशबोर्डवर चिखलाची जी रेघ उमटली असेल तिचे, आतून-बाहेरून, फोटो काढ आणि काहीही उघडण्यापूर्वी विमा कंपनीला कळव. बुडालेली गाडी चालू करण्याच्या प्रयत्नात झालेले नुकसान अनेक करारांत भरून मिळत नाही, तेव्हा तू जे घडले तेच, क्रमाने आणि लेखी, कळवलेले बरे.

मग एअर फिल्टरचा डबा उघड. तो आत ओला असेल, तळाशी गाळ बसला असेल किंवा कागदी फिल्टर फुगून वाकला असेल, तर पाणी इंजिनापर्यंत पोहोचले असे धरून चाल. डबा कोरडा आणि धुळीने भरलेला असेल तर निम्मी चिंता मिटली.

यानंतर डिपस्टिक, म्हणजे इंजिन ऑइलची पातळी पाहायची काडी, काढ, आणि हे काम सावकाश कर. आधी एकदा पुसून पुन्हा घाल आणि उजेडात धरून पाहा. खुणेपेक्षा पातळी वर दिसली तर आत पाणी मिसळले असण्याची दाट शक्यता आहे. ऑइल दुधाळ, फिकट तपकिरी दिसले किंवा काडीवर पाण्याचे बारीक थेंब चिकटून आले, तर शंकेला जागाच उरत नाही. मात्र इंजिन फिरलेच नसेल तर पाणी ऑइलमध्ये घुसळले जात नाही, ते जड असल्यामुळे चेंबरच्या, म्हणजे इंजिनाखालच्या ऑइलच्या भांड्याच्या, तळाशी जाऊन बसते आणि डिपस्टिक फसवते. म्हणून चेंबरचा नट किंचित सैल करून आधी काय बाहेर येते ते पाहा. पहिली धार पाण्याची आली तर सगळे ऑइल काढून नवे भर आणि ऑइल फिल्टरही बदल. गिअरबॉक्सला हवा खेळण्यासाठी छोटे छिद्र असते, त्यातून तिथेही पाणी शिरते, तेव्हा ते ऑइलही याच वेळी तपासून घे.

इथून पुढे मेकॅनिक सोबत असू दे. इग्निशन आणि इंधनपंप यांचे फ्यूज काढून ठेवायचे, चारही स्पार्क प्लग उघडायचे आणि क्रँकच्या (पिस्टन ज्याला फिरवतात त्या मुख्य दांड्याच्या) पुलीच्या नटाला पाना लावून इंजिन हाताने, त्याच्या नेहमीच्या फिरण्याच्या दिशेने, सावकाश दोन पूर्ण फेरे फिरवायचे. प्लगच्या भोकांवर तोंड धरू नका, कारण पाणी जोराने उडते. इंजिन मोकळे फिरले तर हाती खूप काही लागले. अडले तर जोर करायचा नाही, तिथेच थांबायचे. पाणी निघून गेल्यावर प्रत्येक सिलिंडरमध्ये चमचाभर स्वच्छ ऑइल सोडावे, नाहीतर भिंतींवर गंज चढायला फार दिवस लागत नाहीत.

विजेच्या बाजूला सर्वांत जास्त धीर लागतो. सीटपर्यंत पाणी म्हणजे गालिच्याखालचे सगळे कनेक्टर बुडाले असणार, आणि काही गाड्यांत कंट्रोल युनिटही (इंजिनावर ताबा ठेवणारा संगणक) तिथेच बसवलेले असते. गालिचा उचलून काढ, कारण त्याखालचा फोम कित्येक आठवडे पाणी धरून ठेवतो. एकेक कनेक्टर सोडवून आतल्या पिना पाहा. पितळी चमक असेल तर उत्तम. हिरवट-पांढरी बुरशीसारखी पूड दिसली तर तो काँटॅक्ट क्लीनरने धुऊन पूर्ण वाळू द्यावा. पिवळ्या आवरणातले कनेक्टर बहुधा एअरबॅगचे असतात, त्यांना हात लावू नकोस.

हे सगळे झाले की बॅटरी बाहेर काढून मोजून घे. स्थिर अवस्थेत १२.६ व्होल्ट म्हणजे ती भरलेली आहे, १२ च्या खाली म्हणजे जवळजवळ रिकामी. जोडल्यावर आधी इंधनपंपाचा फ्यूज तेवढ्यापुरता लावून फक्त किल्ली ऑन कर आणि मागून इंधनपंपाचा क्षणभर घूं असा आवाज येतो का ते ऐक. टाकीत पाणी गेले असेल तर ते पेट्रोलच्या खाली, नेमके पंपाच्या तोंडाशी जमते. म्हणून संशय असेल तर टाकी रिकामी केल्याशिवाय पुढे जाऊ नये. त्यानंतर प्लग बाहेर असतानाच, ते दोन्ही फ्यूज पुन्हा काढून ठेवून, एकदा थोडा सेल्फ मारून उरलेले पाणी उडवून द्यावे, आणि मगच प्लग आणि फ्यूज लावून गाडी चालू करावी.

इंजिन फिरते पण पेट घेत नाही असे झाले, तर प्लगला ठिणगी येते का आणि क्रँक सेन्सरचा कनेक्टर कोरडा आहे का हे आधी पाहा, कंट्रोल युनिटला दोष देण्याची घाई करू नका. चालू झाली तर काही मिनिटे जागेवरच चालवून ते ऑइल पुन्हा बदल, कारण उरलेसुरले पाणी त्यात येते. एखाद्या सिलिंडरमधून ठोका ऐकू आला किंवा कॉम्प्रेशनच्या (सिलिंडरमधला दाब मोजण्याच्या) चाचणीत एकच सिलिंडर इतरांपेक्षा बराच कमी भरला, तर रॉड वाकला असे समजून इंजिन लगेच बंद कर. वाकलेला रॉड काही दिवस चालतो आणि मग तुटून ब्लॉक फोडतो. रस्त्यावर नेण्यापूर्वी ब्रेकही उघडून साफ करून घे.

गाडी गॅरेजपर्यंत न्यायची झाली तर चारही चाके वर राहतील अशा सपाट ट्रकवरूनच ने. चेंबरमधून काय निघाले आणि पाना लावल्यावर इंजिन फिरले की अडले, एवढे मला फोनवर सांग, म्हणजे इंजिन उघडायचे की नाही ते आपण मिळून ठरवू. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझाच,
जुना मित्र