आमची पत्रं इंग्रजीत नेणाऱ्या बाईंना

प्रिय बाई,

सलाम.

तुम्ही हाच शब्द वापरायचात. भायखळ्याच्या चर्चमागच्या त्या लांबट खोलीत शिरताना आम्ही "सलाम, बाई" म्हणायचो आणि तुम्ही टाइपरायटरवरून मान न उचलता "सलाम, बाळ. वही आणलीस?" असं विचारायचात. तुमचं पूर्ण नाव मला माहीत आहे, पण तुम्हाला ते चारचौघांत आवडलं नसतं, म्हणून लिहीत नाही. त्या बाकावर बसलेली मुलं हे वाचतील तर त्यांना नावाची गरज पडणार नाही.

१८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला तेव्हा मी पाचवीत होते. अडीच लाख कामगार घरी बसले, हे आता पुस्तकांत वाचायला मिळतं. आमच्या सातरस्त्याच्या खोलीत त्याचा अर्थ वेगळा होता. बाबांचा पगार थांबलाच, पण आईची खाणावळही बसली. तिच्याकडे जेवणारे सगळे गिरणीतलेच. ते एकेक करून गावी निघून गेले, मागच्या महिन्यांचे पैसे देणं कुणाला शक्यच नव्हतं. जून उजाडला आणि फी न भरलेल्या मुलींना वर्गात उभं करायला सुरुवात झाली. मी अकरा दिवस उभी राहिले. बाराव्या दिवशी शेजारच्या मावशींनी आईला तुमच्या मिशनचं नाव सांगितलं.

आई आधी घाबरली होती. "पोरीला बाटवतील" असं चाळीत दोघातिघांनी तिला बजावलं होतं. ती दरवर्षी सप्टेंबरात मोतमाउलीला मेणबत्ती लावायला वांद्र्याला जाणारी बाई, तिला येशूची भीती नव्हती, लोकांची होती. तिने तुम्हाला तोंडावरच विचारलं. तुम्ही उठून तिला स्वतःच्या खुर्चीत बसवलंत आणि म्हणालात, "मी रोज प्रार्थना करते, तुमच्या मुलीसाठीही करेन. ती माझी गोष्ट. तिने इथे येऊन अभ्यास करायचा, ही तिची." पाच वर्षांत तुम्ही त्या बोलण्यापासून तसूभर हलला नाहीत. मी आजही गणपती बसवते, आणि नाताळला तुमच्या आठवणीने एक मेणबत्ती लावते.

मिशनची पद्धत आता सांगितली तर सोपी वाटते. परदेशातलं एक माणूस एका मुलाची जबाबदारी घ्यायचं, महिन्याला ठरावीक रक्कम पाठवायचं. पैसे आमच्या हातात कधी येत नसत. फीची पावती, दुकानाचं बिल तुमच्या टेबलावर ठेवायचं, मग गणवेश, वह्या, रेनकोट मिळायचा. संध्याकाळी सहा ते नऊ अभ्यासिका आणि मधे एक पेला दूध. चाळीच्या खोलीत पाच माणसं आणि एक दिवा असताना ते तीन तास म्हणजे काय, हे मी कुणाला समजावू?

आणि वर्षातून तीनदा पत्र.

माझी जबाबदारी अमेरिकेतल्या एका निवृत्त शिक्षिकाबाईंनी घेतली होती. त्यांचे आभार मी त्या हयात असताना मानले, पुष्कळदा मानले. तुमचे मानायचे राहिले, कारण तुम्ही मधे होतात आणि मधलं माणूस दिसत नाही.

माझं पहिलं पत्र मला शब्दन् शब्द आठवतं. "आपण कशा आहात? मी मजेत आहे. आमच्या घरी सर्व कुशल आहेत. आपण केलेल्या मदतीबद्दल मी आपली अत्यंत ऋणी आहे." बाकावरच्या मोठ्या मुलीने सांगितलं तसं उतरवलं होतं. तुम्ही ते वाचलंत, घडी घातलीत आणि मला जवळ बसवून हळूच विचारलंत, "घरी खरंच सगळं कुशल आहे?" मी रडले. तुम्ही रडू दिलंत. मग कोरा कागद पुढे ठेवून म्हणालात, "आभार एका ओळीत पुरे. उरलेल्या कागदावर तुझं लिही."

मी लिहिलं की आमच्याकडे चौदा ताटं आहेत, आता आम्ही पाचच जण जेवतो, उरलेली नऊ ताटं आई रोज घासते आणि परत मांडणीवर लावते.

तुम्ही टाइप करता करता थांबलात. खाणावळ या शब्दाला इंग्रजीत शब्द नाही, म्हणालात, तूच समजावून सांग. अकरा वर्षांच्या पोरीला तुम्ही विचारत होतात: ती हॉटेल आहे का? नाही. मग पाहुणे येतात का? नाही, ते घरचेच, पण घरचे नाहीत. पैसे देतात? महिन्याचे. मग जेवायला वाढतं कोण? आई. जेवताना बोलतात? हो, आईला वहिनी म्हणतात. तुम्ही सगळं लिहून घेतलंत, एक अख्खा परिच्छेद झाला. पावणेदोन महिन्यांनी उत्तर आलं. त्यात त्या बाईंचा पहिला प्रश्न होता, ती नऊ ताटं अजून तशीच आहेत का.

समुद्रापलीकडचं कुणीतरी आमच्या मांडणीवरची ताटं मोजत होतं.

तिकडून येणारी पत्रंही तुम्ही तितक्याच निगुतीने मराठीत आणायचात. त्यांत बायबलमधलं वचन असलं तर ते गाळायचा नाहीत, त्यावर स्वतःचं काही चढवायचाही नाहीत. एका जानेवारीत त्यांनी लिहिलं की खिडकीपर्यंत बर्फ साचला आहे. मला बर्फ म्हणजे भुशात गुंडाळून हातगाडीवरून मासळीबाजारात जाणारी लादी. लाद्या खिडकीपर्यंत कोण रचेल? तुम्हीही तो बर्फ कधी पाहिला नव्हता. पाळकसाहेब परदेशी जाऊन आले होते, त्यांना विचारून दुसऱ्या दिवशी मला म्हणालात, "गिरणीतून येताना बाबांच्या केसांवर कापूस बसलेला असायचा ना? तसा. तो आभाळातून पडतो, आवाज न करता." मी घरी जाऊन बाबांना सांगितलं. संप सुरू होऊन वर्ष झालं होतं, त्यांचे केस कधीचे काळेभोर दिसायला लागले होते. ते डोक्यावरून हात फिरवत बराच वेळ गप्प बसले.

शनिवारी, टपाल लावून झालं की तुम्ही गोष्टी सांगायचात. अमेरिकन मिशनरी गॉर्डन हॉल १८१३ साली मुंबईत उतरला तेव्हा कंपनी सरकार त्याला परत पाठवायला निघालं होतं, तरी तो राहिला आणि मराठी शिकला. अमेरिकन मिशनने १८२४ साली मुंबईत मुलींसाठी शाळा काढली. १८२९ साली स्कॉटलंडहून आलेल्या मिशनरी मार्गारेट विल्सन मराठी शिकून मुलींच्या शाळांमागे लागल्या आणि सहाच वर्षांत, १८३५ साली, इथेच वारल्या. या सगळ्यांत तुम्हाला एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगायची असे: आधी ते भाषा शिकले.

पंडिता रमाबाईंवर मात्र तुम्ही तासभर बोलायचात. लांबून येणाऱ्या पैशाची मला लाज वाटते असं मी एकदा म्हटलं, तेव्हा तुम्ही त्यांची गोष्ट काढलीत. रमाबाई अमेरिकेत गावोगाव बोलत हिंडल्या, १८८७ साली बोस्टनमध्ये त्यांच्या कामासाठी रमाबाई असोसिएशन उभी राहिली, तिने दहा वर्षं मदतीचा शब्द दिला आणि ११ मार्च १८८९ ला चौपाटीजवळ शारदा सदन, विधवांना राहून शिकायची शाळा, उघडलं. तिथे शिकलेली गोदूबाई पुढे धोंडो केशव कर्व्यांची पत्नी आनंदीबाई झाली. "ते पैसेही लांबूनच आले होते," तुम्ही म्हणालात. सदन पुण्याला गेल्यावर १८९३ साली धर्मांतराच्या शंकेने पालकांनी मुली काढून नेल्या, हेही तुम्ही लपवलं नाहीत. तुम्ही ख्रिस्ती आणि आम्ही बहुतेक हिंदू, बौद्ध, मुसलमान मुलं, तरी ती बाजू तुम्ही सांगितलीत. त्या दिवसापासून तुमच्या प्रत्येक शब्दावर माझा विश्वास बसला.

एक गोष्ट मनात अजून सलते. घरटी एकच मूल, असा नियम होता, त्यामुळे धाकट्या भावाला मदत मिळाली नाही. त्याने आठवीत शाळा सोडली. नियम बदलणं तुमच्या हातात नव्हतं, पण अभ्यासिकेचं दार होतं. तुम्ही त्याला माझ्या शेजारी बसू दिलंत आणि दुधाचा पेला कुठून तरी दुसराही यायचा. तो पुढे रात्रशाळेतून दहावी झाला. तो दुसरा पेला तुमच्या वाटणीचा होता, हे मला फार उशिरा उमगलं.

बाई, मी आज न्यायालयात भाषांतराचं काम करते. मराठी जबाब, अर्ज, जुनी खरेदीखतं इंग्रजीत नेते. परवा एका बाईच्या अर्जात होतं, "मला नांदवलं नाही." त्याला कायद्याचा तयार शब्द आहे, एकत्र राहत नव्हते एवढंच सांगणारा. नांदवणं त्यात कुठे येतं? मी अर्धा दिवस त्या एका वाक्याजवळ बसले. सहकारी म्हणाला, एवढं कोण वाचतंय. मला टाइपरायटरवर थांबलेले तुमचे हात दिसत होते.

तुम्ही निवृत्त होऊन नगरकडे भावाकडे गेलात, एवढं कानावर आलं होतं. तिथवर हे पोचलं तर बरं. आभार एका ओळीत पुरे, म्हणून एकाच ओळीत: तुम्ही मला माझं लिहायला लावलंत, त्याबद्दल मी तुमची आभारी आहे.

१९८७ च्या जूनमध्ये, दहावीच्या निकालानंतरचं पत्र शेवटचं होतं. ते तुम्ही मला स्वतः इंग्रजीत लिहायला सांगितलंत आणि टाइपरायटर माझ्याकडे वळवलात. निकालाचं लिहिलं, भावाचं लिहिलं, आईने नऊ ताटांतली चार पुन्हा काढली हे लिहिलं. खाणावळ हा शब्द आला तिथे मी थांबले आणि त्याचा अर्थ कसा सांगावा म्हणून तुमच्याकडे बघितलं.

"तो तसाच ठेव," तुम्ही म्हणालात. "त्यांना आता माहीत आहे."

तुमची,
सातरस्त्याची मुलगी