अध्यक्षपदानंतरचे अ‍ॅडम्स

जॉन क्विन्सी अ‍ॅडम्स म्हणजे अमेरिकेचे सहावे अध्यक्ष, एवढ्यावरच आपली ओळख संपते. खरी कामगिरी पुढची. १८३१ पासून ते मॅसॅच्युसेट्सचे प्रतिनिधी म्हणून कनिष्ठ सभागृहात बसले. १८३६ मध्ये तिथे ठराव झाला: लोकांकडून आलेले गुलामगिरीविषयीचे अर्ज ना छापायचे, ना समितीकडे धाडायचे, थेट बासनात. या ठरावाविरुद्ध अ‍ॅडम्स यांची युक्ती वकिली होती. अर्ज मांडायचा नाही, ‘हा ठरावात बसतो का?’ एवढेच सभापतींना विचारायचे. १८३७ मध्ये गुलामांच्याच अर्जाबद्दल असे विचारताच गुलामगिरी असलेल्या दक्षिणेकडील राज्यांचे सदस्य खवळले, अ‍ॅडम्स यांच्यावर निंदाठराव आणू लागले. अर्ज गुलामगिरी टिकवण्याच्या बाजूचा आहे, हे अ‍ॅडम्स यांनी मग सांगितले! ही मुस्कटदाबी ३ डिसेंबर १८४४ रोजी १०८ विरुद्ध ८० मतांनी उठली.

– एक वाचक