अण्णा, त्या कोऱ्या रकान्याबद्दल

ती. अण्णा यांस,
सा. न. वि. वि.

परवा आपल्या बेळगावच्या उद्यमबागेत, कारखान्यांच्या वसाहतीत, माझा निरोपाचा सत्कार झाला. शाल, श्रीफळ, भाषणं, सगळं यथासांग. तुम्ही मागच्या रांगेत बसला होता आणि मी स्टेजवरून उतरेपर्यंत चहा न घेताच निघूनही गेलात. ज्यांनी भाषणात मला 'बेळगावच्या उद्योगांचा डिजिटल पाया घालणारा' वगैरे करून टाकलं, त्यातल्या काहींनी माझी बिलं एका दिवाळीपासून दुसऱ्या दिवाळीपर्यंत लोंबकळत ठेवली होती. चालायचंच. पण माझे पाय कुणामुळं टिकले ते मला माहीत आहे, म्हणून हे पत्र चारचौघांत लिहितोय.

नव्या पोरांना कल्पना नसेल. त्या काळी फौंड्रीत, म्हणजे ओतकामाच्या कारखान्यात, कॉम्प्युटर एकमेकांना जोडणारं नेटवर्क टाकायचं म्हणजे टीव्हीच्या केबलसारखी काळी कोअ‍ॅक्स केबल ऑफिसपासून स्टोअरपर्यंत ओढत न्यायची. एका पट्ट्याला १८५ मीटरची मर्यादा, दोन्ही टोकांना ५० ओहमचे टर्मिनेटर, म्हणजे केबलचं टोक बंद करणारी टोपणं. कुणी टेबल सरकवलं आणि मधला एक कनेक्टर ढिला झाला की सगळ्यांचेच कॉम्प्युटर एकदम गप्प. वाळूची धूळ फ्लॉपी ड्राइव्हमध्ये जायची. फर्नेस चालू झाली की मॉनिटरवरची अक्षरं थरथरायची. पुढं ओतकामाच्या शॉपकडं फायबर, म्हणजे उजेडावर चालणारी काचेच्या तंतूची केबल, टाकली तेव्हा कुठं निदान केबलला विजेचा त्रास व्हायचा थांबला. लोक मला केबलवाला म्हणायचे, आणि जाता जाता घरच्या टीव्हीवर मॅच का दिसत नाही तेवढं बघून जा, असंही सांगायचे.

तर १९९८ सालचे गणपती नुकतेच उठले होते आणि तुम्ही हेडक्लार्क होता त्या फौंड्रीतल्या सर्व्हरची, म्हणजे सगळा हिशेब ठेवणाऱ्या मुख्य कॉम्प्युटरची, डिस्क गेली. बोनसचा हिशेब तोंडावर आलेला. बॅकअपची, म्हणजे डेटाच्या राखीव नकलेची, टेप लावली, तर तिच्यावर सगळं चतुर्थीच्या आधीचं. मशीन ज्याच्याकडून घेतलं त्या मोठ्या शहरातल्या डीलरनं आधी फोन उचलणं बंद केलं आणि मग लेटरहेडवर कळवलं की तुमच्याकडं धूळ फार आहे. फौंड्रीत धूळ! काय शोध लावला! मालकांना कुणावर तरी ओरडायचं होतं आणि समोर मी उभा होतो. उद्यमबागेत एका गेटवर नाव खराब झालं की संध्याकाळी चहाच्या गाड्यावर ते सगळ्यांना कळतं. माझं दुकान तिथंच बंद झालं असतं.

तेवढ्यात तुम्ही ड्रॉवर उघडलात. लाल कापडी बांधणीचं ते रजिस्टर काढून मालकांसमोर ठेवलंत. तारीख, टेपचा नंबर, सही. वरती निळ्या शाईतल्या तुमच्या सह्या ओळीनं होत्या आणि एका तारखेपासून खाली रकाना कोरा. त्या कोऱ्या जागेवर बोट ठेवून तुम्ही म्हणालात, "मालक, टेप बदलली की सही मी करायची असते. चवतीपासनं केलेली नाही. ह्या पोराला काय बोलू नका."

एवढंच. पुढं डेटा कसा भरून काढला ते इथं उगाळत बसत नाही. पण अण्णा, रजिस्टर तुमच्याच ड्रॉवरमध्ये होतं, किल्ली तुमच्याच कमरेला होती. तेवढ्या सह्या मागाहून ठोकून द्यायला दोन मिनिटं लागली नसती. आणि टेप बदलणारा पोरगा गणपतीला गावी जाऊन बसला होता, हे सगळ्या ऑफिसला ठाऊक होतं. तुम्ही त्याचंही नाव घेतलं नाहीत. त्या वर्षी तुमची पगारवाढ अडली, हे मला फार पुढं दुसऱ्याच कुणाकडून कळलं.

त्याच मालकांनी नंतर मला शेजारच्या दोन फौंड्र्यांत पाठवलं. तिथून माझी गाडी सुरू झाली. सीमेपलीकडं शिनोळीला कारखाने निघाले तेव्हा एकाच मालकाचं एक युनिट कर्नाटकात हेस्कॉमच्या विजेवर आणि दुसरं पलीकडं महाराष्ट्राच्या. दोघांचे लाइट जायचे वेगवेगळ्या वेळी, आणि ऑफिस मात्र एकच हिशेब मागायचं. २००५ साली व्हॅट आला, १ जुलै २०१७ ला जीएसटी. कोल्हापूरला कास्टिंग पाठवताना कोगनोळी नाक्यावर कागदांपायी खोळंबणारे ट्रक सुटले, आणि त्या कागदांचा सगळा भार आमच्या सर्व्हरवर येऊन पडला. सगळं निभावलं. यूपीएस विकत मिळतो, फायबर मिळते, आता तर अख्खा सर्व्हरच भाड्यानं मिळतो. स्वतःच्या अंगावर येणारं रजिस्टर आपणहून पुढं करणारा हेडक्लार्क मात्र मला नंतर कुठल्याच गेटच्या आत भेटला नाही. भले लोक पुष्कळ भेटले, नाही असं नाही. पण भलेपणाला किंमत मोजावी लागते तेव्हाही जे जागचे हलत नाहीत, ते विरळाच.

आपल्या सीमाभागात माणूस आधी कुठल्या बाजूचा ते चाचपायची खोड आहे. तुमच्या घरात कन्नड, माझ्या घरात मराठी. मोर्चे निघाले, बंद झाले, एसटीच्या काचा फुटल्या, तरी आपल्या दोघांत तो विषय कधी निघाला नाही. त्या दिवशीही मी कोण, कुठला, हे तुम्ही बघितलं नाहीत. चूक कुणाची तेवढंच बघितलंत.

त्यानंतर मी जिथं जिथं बॅकअप बसवला तिथं एक रजिस्टर बसवलं. क्लाउड आला तेव्हा नवे इंजिनिअर हसले, आता कागद कशाला म्हणून. मी म्हटलं, असू दे की. माझ्या जागी आलेली खानापूरची मुलगी आता दर महिन्याला बॅकअप प्रत्यक्ष उतरवून बघते आणि मगच सही करते. मागच्या महिन्यात तो उतरला नाही, तर तिनं सही केली नाही आणि मला फोन केला. तिच्या त्या पानाचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतोय. उघडत नसेल तर नातवाला सांगा.

आपला,
उद्यमबागेतला केबलवाला